खर्ड्याच्या मोहिमेंतील म्हणून सांगितला जाणारा बुद्धिबळाचा लांकडी पट

माझे एक वृद्ध स्नेही आहेत. त्यांचें घराणें पेशवाईंतील शिलेदारांचें. त्यांच्या इच्छेस अनुसरून त्यांचें नांव येथें देत नाहीं. आबासाहेब एवढेंच म्हणतों. मी शाळेंतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारीं त्यांच्या ओटीवर आम्हां दोघांचा बुद्धिबळाचा डाव ठरलेला असे. गेल्या पावसाळ्यांत आबासाहेब पाय मोडून अंथरुणास खिळले आणि डाव बंद पडला. मोठा पट बिछान्यावर स्थिर राहीना. त्यांनीं कूस बदलली कीं राजापासून प्याद्यापर्यंत सगळें सैन्य गोधडींत! तेव्हां मिटतां येणारा आणि सोंगट्या जागच्या जागीं धरणारा लहानसा लांकडी पट कोठें मिळतो का, हें पाहण्यासाठीं मी पुण्याच्या जुन्या बाजारांत व तुळशीबागेंत दोन-तीन फेऱ्या मारल्या. लोहचुंबकाचे पट पुष्कळ दिसले, परंतु खुंटीचा एकही हातीं लागला नाहीं. ही हकीकत ऐकतांच आबासाहेबांनीं नातीस माळ्यावरून एक पेटी काढावयास सांगितली आणि म्हणाले, "मास्तर, बाजार कशाला हिंडतां? आमच्या पूर्वजांनीं खर्ड्याच्या स्वारींत नेलेला पट घरांत आहे. आधीं त्यावर खेळूं, मग तुम्ही त्याचा लेख करा."

खेळ झाला, लेखही करीत आहें. परंतु तो आबासाहेबांनीं मनांत धरला होता तसा झाला नाहीं. तसा कां झाला नाहीं, हें प्रमाणांसह वाचकांपुढें मांडणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. वस्तूचें वर्णन

पेटीचे दोन सारखे भाग असून ते पितळेच्या दोन बिजागऱ्यांनीं जोडले आहेत. समोरच्या बाजूस पितळेचीच लहान कडी आहे. पेटी उघडून पालथी केली म्हणजे सुमारें एक वीत चौरसाचा पट होतो. मिटली म्हणजे सोंगट्या आंत राहतात. घरें चौसष्ट, एकाआड एक काळसर तांबूस व पिवळट लांकडाचीं, रंगविलेलीं नव्हेत, तर तुकडे जडवून केलेलीं. प्रत्येक घराच्या मध्यावर एक बारीक भोंक आहे, आणि प्रत्येक सोंगटीच्या बुडाशीं त्या भोंकांत बसणारी खुंटी आहे.

सोंगट्या बत्तीस आहेत. त्यांपैकीं एकतीस एका घाटाच्या व चरकावर कातलेल्या. बत्तिसावें प्यादें मात्र बाभळीच्या लांकडाचें, चाकूनें तासून केलेलें. हत्तीच्या जागीं बुरूज आहे. घोड्यास मानेसह घोड्याचें तोंड आहे. उंटाच्या जागीं माथ्यावर तिरकी फट असलेली टोपी आहे. दोन्ही राजांच्या माथ्यावर कांहीं तरी होतें, तें कानशीनें घासून काढलेलें दिसतें. पैकीं एकावर घासणाऱ्याचा हात हलका पडल्यामुळें आडव्या दांडीचें मूळ शिल्लक आहे. तेथें क्रूस होता, याविषयीं मला संशय वाटत नाहीं.

घराण्यांतील परंपरा अशी : ता. ११ मार्च १७९५ रोजीं जामखेडजवळ खर्ड्यास निजामाशीं जी लढाई झाली, तींत आबासाहेबांचे पूर्वज पथकासह हजर होते, आणि छावणींतील फुरसतीच्या वेळीं ते या पटावर खेळत. पूर्वजांची हजिरी घराण्याच्या मोडी कागदांवरून सिद्ध होते; तीबद्दल वाद नाहीं. प्रश्न पटाचा आहे.

२. आपल्याकडील जुना पट

या खेळाच्या फलकाचें प्राचीन नांव अष्टापद. संज्ञा असतां 'अष्टन्' या शब्दाचा अन्त्य स्वर दीर्घ होतो असें पाणिनीचें सूत्र आहे, व त्याचें हें प्रसिद्ध उदाहरण होय. बाणभट्टानें सातव्या शतकांत हर्षचरितांत अष्टापद आणि चतुरंग यांचा एकत्र उल्लेख श्लेषानें केला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत चतुरंगाचें वर्णन आहे. सतराव्या शतकांत काशीस नीलकंठभट्टानें नीतिमयूखांत या खेळास स्थान दिलें. नीलकंठाचें भट्ट घराणें मूळचें पैठणचें, हें वाचकांस ठाऊक आहेच.

या जुन्या पटाचे दोन विशेष लक्षांत घेतले पाहिजेत. पहिला असा कीं, त्यावरील घरें दुरंगी नसत. नुसत्या रेघा मारून चौसष्ट घरें पाडीत आणि त्यांतील ठराविक घरांवर फुलीसारखी खूण करीत. काळीं-पांढरीं घरें ही युरोपांतील चाल होय. तिचा जुना उल्लेख स्वित्झर्लंडांतील आइनसीडेल्न येथील मठाच्या हस्तलिखितांतील लॅटिन पद्यांत सांपडतो. तीं पद्यें दहाव्या शतकाच्या अखेरचीं मानतात.

दुसरा विशेष असा कीं, आपल्याकडील पट पुष्कळदां कापडाचा असे. हॅरल्ड मरे यानें १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या मोठ्या इतिहासांत ही गोष्ट नोंदलेली आहे. आपल्या भाषेचाही तिकडेच कल दिसतो. संस्कृतांत फळीस फलक किंवा पट्ट आणि वस्त्रास पट म्हणतात. पट्टाचा मराठींत पाट होतो, जसें सप्तचें सात किंवा हस्ताचा हात. बुद्धिबळें मांडावयाच्या वस्तूस मात्र आपण सहसा पाट न म्हणतां पट म्हणतों. सारीपाट या शब्दांत पाट आलेला आहे, म्हणून एका शब्दावर फार भार घालूं नये. शब्दावरून वस्तु सिद्ध होत नाहीं. शोधाची दिशा तेवढी कळते.

छावणीच्या दृष्टीनें विचार केला तरी कापडाचा पट सोयीचा ठरतो. तो गुंडाळून त्यांतच सोंगट्या बांधाव्या व गांठोडें खोगिराच्या पिशवींत टाकावें. सोंगट्यांचा चौपट अशाच रीतीनें बाळगीत, हें आपल्यापैकीं कित्येकांनीं आजीच्या घरीं पाहिलें असेल. तात्पर्य, प्रवासी पट आपल्या लोकांस नवीन नव्हता. पण त्यास बिजागरीची गरज नव्हती.

येथें एका संभाव्य गैरसमजाचा निरास करतों. काश्मीरी आलंकारिक रुद्रट यानें नवव्या शतकांत काव्यालंकारांत तुरगपदबंध दिला आहे. घोड्याच्या चालीनें घरें आक्रमीत गेल्यास अक्षरांचा मेळ जमतो, असा तो चित्रकाव्याचा प्रकार. त्यांत चार ओळींत आठ-आठ अशीं बत्तीस घरें, म्हणजे बरोबर अर्धा पट येतो. यावरून दुमडणाऱ्या पटाचें अनुमान करण्याचा मोह कोणास होईल. परंतु अनुष्टुभ् छंदाचीं अक्षरेंच बत्तीस. अर्ध्या पटाचें कारण छंद होय, सुतार नव्हे.

३. मिटणें आणि धरणें

प्रवासी पटाच्या गरजा दोन : पट मिटला पाहिजे, आणि सोंगट्या ढळतां कामा नयेत. या दोन गरजा एकाच ठिकाणच्या नव्हेत. सैन्य चालत असतां खेळत नाहीं. तळ पडल्यावर खेळतें. जमीन स्थिर असते, म्हणून पहिली गरज भागली कीं पुरे. दुसरी गरज उत्पन्न होते ती जहाजांत, घोडागाडींत आणि आगगाडींत. कारण तेथें खेळणारा बसलेला असतो आणि बैठकच हालत असते.

सोंगट्या पोटांत सांठविणारी पेटी फार जुनी आहे. मिसर देशांत तुतनखामेनच्या १९२२ सालीं सांपडलेल्या थडग्यांत सेनेट नांवाच्या खेळाच्या पेट्या निघाल्या. त्यांत सोंगट्या ठेवण्यास खण केलेला आहे. खुंटीची युक्तीही जुनीच. आयर्लंडांत बॅलिंडेरी येथें १९३२ सालीं दहाव्या शतकांतील एक लांकडी फलक सांपडला. त्यावर सात ओळींत सात-सात अशीं एकूणपन्नास भोंकें आहेत. तो फलक बुद्धिबळाचा नव्हे, दुसऱ्या खेळाचा. पण भोंकांत खुंटी बसवून सोंगटी धरण्याची कल्पना त्यावरून स्पष्ट होते.

दुमडणाऱ्या पटाबद्दल युरोपांत एक गोष्ट सांगतात. धर्मपीठानें पाद्र्यांस हा खेळ मना केला, तेव्हां ११२५ सालीं एका पाद्र्यानें दोन पुस्तकांसारखा दिसणारा पट करून बंदी चुकविली. या गोष्टीस समकालीन आधार कोणी दाखविलेला नाहीं. म्हणून मी ती प्रमाण मानीत नाहीं. मात्र पुस्तकाच्या आकाराचे पट पुढें खरोखरच झाले. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत चामड्यानें मढविलेले असे पट विकत, आणि त्यांच्या पाठीवर 'इंग्लंडचा इतिहास' असें सोनेरी अक्षरांत छापलेलें असे. इतिहासाच्या पोटांत खेळ लपविण्याची ही रीत आपण संशोधकांनीं मनांत ठेवण्यासारखी आहे.

त्याच शतकांत ही कला झपाट्यानें वाढली. प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता पीटर मार्क रॉजे हा बुद्धिबळाचा व्यसनी. त्यानें खिशांत मावणारा स्वस्त पट तयार केला. ता. १ मार्च १८४९ रोजीं नथॅनियल कुक यानें सोंगट्यांचा एक नवा घाट नोंदविला, आणि त्याच वर्षीं लंडनच्या जॅक्स यांनीं तो विक्रीस काढला. हावर्ड स्टॉंटन या खेळाडूच्या नांवानें तो सर्व जगांत चालू झाला. पुढें जॅक्स यांनींच असा दुमडता पट काढला कीं, डाव अर्धा असतां कळ फिरविली म्हणजे सर्व सोंगट्या जागच्या जागीं पकडल्या जात. या विवंचनेचा कळस ता. ९ जून १९७० रोजीं झाला. त्या दिवशीं सोयूझ-९ या यानांतील निकोलायेव व सेवास्त्यानोव हे दोघे रशियन अंतराळवीर पृथ्वीवरील सहकाऱ्यांशीं बुद्धिबळ खेळले. तेथें भारच नाहीं. म्हणून सोंगट्या पटाच्या खांचांतून सरकतील अशी योजना होती. डाव बरोबरींत सुटला.

४. पूर्वपक्ष

आतां परंपरेच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दुमडत्या लांकडी पेट्या हिंदुस्थानांत १७९५ पूर्वीं नव्हत्याच, असें नाहीं. विशाखापट्टणचे कारागीर अठराव्या शतकांतच कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठीं हस्तिदंतानें मढविलेल्या, बाहेर बुद्धिबळाचा पट असलेल्या पेट्या करीत. पुढें सुरत व मुंबई येथील कारागीरही चंदनाच्या लांकडावर सादेलीची नक्षी जडवून पेट्या व पट करूं लागले. खर्ड्याच्या सुमारास पुण्यास इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत होता, आणि निजामाच्या पदरीं रेमंडची फ्रेंच पलटणें होतीं. तेव्हां नजराणा म्हणून किंवा लुटींत एखादा दुरंगी विलायती पट मराठी शिलेदाराच्या हातीं आला असेल, हें अशक्य नाहीं. म्हणून केवळ घरें दुरंगी आहेत, खुणेच्या फुल्या नाहींत, किंवा पट दुमडतो, एवढ्यावरून मी निर्णय दिला नाहीं.

५. सिद्धान्त

निर्णय करणाऱ्या गोष्टी दोन आहेत.

पहिली सोंगट्यांची. बुरूज, फटीची टोपी, घोड्याचें तोंड, राजावरील क्रूस आणि रुंद कातीव बैठक, हीं सर्व लक्षणें एकत्र आलीं म्हणजे तो स्टॉंटनचा घाट होय. तो १८४९ पूर्वींचा असूं शकत नाहीं. सोंगट्या मागाहून बदलल्या असतील, असें कोणी म्हणेल. परंतु बुडाच्या खुंट्या आणि पटावरील भोंकें तंतोतंत जुळतात. बदललेलें प्यादें बाभळीचें आहे, आणि त्याचीच खुंटी तेवढी ढिली बसते.

दुसरी गोष्ट बिजागऱ्यांची. त्या ज्या मळसूत्री खिळ्यांनीं बसविल्या आहेत, म्हणजे सुतार ज्यांस स्क्रू म्हणतात, त्यांतील एक आबासाहेबांच्या अनुज्ञेनें मीं आमच्या आळींतील सुताराकडून काढविला. त्याचें टोंक अणकुचीदार असून आटे टोंकापर्यंत सारखे आहेत. जुन्या काळचे असे खिळे बोथट टोंकाचे असत. टोंकदार स्क्रूचें पेटंट टॉमस स्लोन यानें अमेरिकेंत १८४६ सालीं घेतलें, आणि इंग्लंडांत नेटलफोल्ड व चेंबरलेन यांनीं तशा यंत्रांचे हक्क १८५४ सालीं घेऊन कारखाना काढला. बिजागरी नंतर बदलली असेल म्हणावें, तर तिच्याखालीं जुन्या खिळ्यांचीं भोंकें पाहिजेत. आम्ही दिवा धरून पाहिलें. तशीं भोंकें नाहींत.

या दोन प्रमाणांवरून हा पट १८५० च्या नंतरचा ठरतो. खर्ड्याची लढाई त्यापूर्वीं अर्ध्या शतकाहून अधिक काळ होऊन गेलेली होती.

६. पट कोणाचा?

लेख येथें संपवितां आला असता, पण मला आबासाहेबांस तोंड दाखवावयाचें होतें. चार दिवस मीं जाण्याचें टाळलें. बिछान्यावर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरांतून खर्डें काढून नेण्यांत कोणता पुरुषार्थ, असेंही मनांत आलें. परंतु दुसऱ्या घराण्याच्या बनावट सनदेवर मीं याच त्रैमासिकाच्या वाचकांपुढें कठोर लिहावें आणि मित्राच्या पटापुढें लेखणी बोथट करावी, हें न्यायाचें झालें नसतें. रविवारीं गेलों. डाव मांडण्यापूर्वींच सर्व सांगितलें व तो स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला.

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे मास्तर, तीन पिढ्या आम्ही खोटें सांगत आलों?"

मी म्हणालों, "खोटें नव्हे, आबासाहेब. ऐकलेलें सांगत आलांत. आतां मला एवढें सांगा, १८५० नंतर तुमच्या घरांत वरचेवर प्रवास कोण करीत असे?"

त्यांनीं नातीस बाहेर पाठविलें आणि हळूहळू एक हकीकत सांगितली. ती त्यांच्या वडिलांनीं त्यांस एकदांच सांगितली होती. इनामांची चौकशी करणारा कायदा १८५२ चा. त्या चौकशींत घराण्याचें एक इनाम अडकलें. मुंबईचें हायकोर्ट १८६२ सालीं स्थापन झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली. आबासाहेबांचे पणजोबा इनामाच्या दाव्यासाठीं त्या गाडीनें कित्येक वर्षें मुंबईस खेपा घालीत. बरोबर वकिलाचा कारकून असे, आणि गाडींत दोघे बुद्धिबळ खेळत. दाव्यांत हार झाली. जमीन गेली, कर्ज राहिलें. पणजोबांचें नांव घरांत कोणी काढीनासें झालें. "त्यांचा फोटोसुद्धां भिंतीवर नाहीं," आबासाहेब म्हणाले.

ही हकीकत तोंडी आहे. पटाशीं तिचा संबंध जोडणारा कागद माझ्यापुढें नाहीं, म्हणून तिला मी सिद्ध म्हणत नाहीं. पण सर्व लक्षणें तिच्याशीं जुळतात. सोंगट्या धरणारीं भोंकें हालत्या गाडीसाठीं असतात, स्थिर छावणीसाठीं नव्हेत. राजावरील क्रूस घासणारा मनुष्य विलायती वस्तु विकत घेण्याइतका नवा आणि तिच्यावरील क्रूस न साहण्याइतका जुना होता. अशीं माणसें त्या पिढींत पुष्कळ होतीं. गाडींत हरवलेल्या प्याद्याच्या जागीं नवा संच न घेतां बाभळीचें प्यादें तासून घातलें, यांत त्या वेळची घरची ओढाताणही दिसते. जिंकलेल्या लढाईची वस्तु घरांत असावी असें पुढच्या पिढीस वाटलें. हरलेल्या दाव्याची वस्तु असावी असें कोणासच वाटलें नाहीं. म्हणून पट राहिला आणि त्याचा धनी बदलला.

आबासाहेबांनीं मला दोन अटींवर हें प्रसिद्ध करण्यास परवानगी दिली आहे. एक, नांव देऊं नये. दुसरी, पट खर्ड्याचा नाहीं एवढेंच लिहून थांबूं नये; पणजोबांची गोष्टही लिहावी. दोन्ही अटी मीं पाळल्या आहेत.

वाचकांस एक विनंति. आपल्या घरीं लढाईंतील म्हणून सांगितलेला लांकडी पट असल्यास त्याच्या बिजागऱ्या बदलूं नयेत, सोंगट्यांस रोगण लावूं नये, आणि घासलेल्या खुणा पुसूं नयेत. त्याचप्रमाणें जुन्या दप्तरांचे रुमाल उलगडतांना एखाद्या कापडावर चौसष्ट घरें व कांहीं घरांत फुल्या आढळल्या, तर तें फडकें फाटकें म्हणून टाकूं नये. खर्ड्याच्या छावणींत कोणी खेळलें असेल, तर तें बहुधा तशाच एखाद्या फडक्यावर. तसा पट कोणास आढळल्यास त्याची माहिती त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी.

आमचा रविवारचा डाव आतां याच पेटीवर चालतो. बाभळीचें प्यादें कोणाकडे असावें, याचा निर्णय पहिल्या दिवशींच झाला. तें आबासाहेबांकडे असतें, आणि तें मारलें गेलें कीं त्यांस अजून वाईट वाटतें.